आबांची खुर्ची आणि पाच स्पीकर

गेल्या दिवाळीत बाबा रजेवर आले तेव्हा त्यांनी साताऱ्याच्या घरी होम थिएटर आणले. पाच छोटे स्पीकर, एक वूफर आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. रजा संपायला दोनच दिवस उरले होते, म्हणून जोडणी अर्ध्या तासात उरकली. पाचही स्पीकर शोकेसच्या काचेमागे एका ओळीत, जणू सावधानमध्ये उभे, आणि वूफर मागच्या कोपऱ्यात, कारण मोकळा प्लग तिथेच होता. त्या कोपऱ्याला लागूनच आबांची खुर्ची.

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी गेलो, तर आबा त्या खुर्चीत नव्हतेच. जेवणे झाल्यावर आम्ही सगळे हॉलमध्ये सिनेमा पाहत असू आणि आबा बाहेर ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसत. मी विचारले, "आबा, आवाज वाढवू का? आत या ना."

"वाढवून काय करतोस? नुसतं धुडूम धुडूम वाजतंय. माणूस काय बोलतोय ते कळंना झालंय," आबा म्हणाले.

आबा तोफखान्यात चोवीस वर्षे होते. त्या काळात कानात कापसाचे बोळे घालून तोफेजवळ उभे राहत, तेही आठवण झाली तर. मोठ्या आवाजाने कान खराब होतो तेव्हा तो सगळ्या सुरांना सारखा बहिरा होत नाही. पहिला मार साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले असतात, तर स, श, च, थ ही व्यंजने ओळखायला लागणारी बारीक माहिती वरच्या पट्टीत असते. म्हणजे आबांना कोणीतरी बोलतोय हे ऐकू येते, पण 'साप' म्हटले की 'ताप' हे समजत नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे. जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो. मागून वूफर घुमत असेल तर जी थोडी व्यंजने कानापर्यंत पोचतात तीही बुडतात. एकूण आवाज वाढवला की झाकणारा आवाजही तेवढाच वाढतो, म्हणून आबांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

कान दुरुस्त करणे माझ्या हातात नव्हते. श्रवणयंत्र आबांच्या कपाटात आहे, ते लावणे न लावणे हा त्यांचा आणि आजीचा जुना वाद आहे, मी त्यात पडलो नाही. माझ्या हातात हॉल होता.

आधी मी आईच्या आवाजात वीस शब्द फोनवर रेकॉर्ड केले. साप, चाप, थाप, शाप, काप असे मुद्दाम फसवणारे. ते होम थिएटरवर लावून आबांना जे ऐकू येईल ते म्हणायला सांगितले. वीसपैकी नऊ बरोबर आले. आबा म्हणाले, "परीक्षा तुझी का माझी?"

आमचा हॉल १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे, उंची १० फूट. सगळ्यात आधी मी स्पीकरला हात न लावता खुर्ची हलवली, आणि अजूनही मला वाटते की सगळ्या कामात हेच सर्वांत फायद्याचे आणि फुकटचे होते. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. बंद खोलीत जाड आवाज भिंतींमध्ये पुढे-मागे आपटून स्थिर लाटा तयार होतात. अकरावीच्या पुस्तकात ऑर्गन पाइपचे चित्र आहे तसेच, फक्त पाइपच्या जागी आपली खोली. सर्वांत खालचा सूर काढायला ध्वनीचा वेग खोलीच्या दुप्पट लांबीने भागायचा. मे महिन्यात ३० अंश तापमानाला वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, खोली ४.५७ मीटर, म्हणून ३८ हर्ट्झ. रुंदीसाठी असाच हिशेब केला तर ४८ येतात. या सुरांचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. आबा बरोबर तिथे बसत, आणि वूफरही कोपऱ्यात, म्हणजे जिथून या सगळ्या लाटा जास्तीत जास्त उठतात तिथे.

खुर्ची खोलीच्या अगदी मध्यभागीही चालत नाही. तिथे ३८ हर्ट्झचा दाब जवळजवळ शून्य होतो आणि गाणे पोकळ वाटते. म्हणून आबांचे कान समोरच्या भिंतीपासून १० फुटांवर येतील अशी खुर्ची पुढे ओढली. टीव्हीपासूनचे अंतर साडेबारा फुटांवरून साडेआठ फुटांवर आले. त्यामुळे समोरून सरळ येणारा आवाज तीन डेसिबलहून थोडा जास्त झाला. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची तीव्रता दुप्पट, बटणाला हात न लावता. आजीला मात्र खुर्ची वाटेत आल्यासारखी वाटली आणि दोन दिवस ती येता-जाता ठेचकाळल्याचे सांगत होती.

मग स्पीकर काचेमागून बाहेर काढले. कपाटात ठेवलेला स्पीकर कपाटालाही वाजवतो, आणि तो घुमणारा आवाज बोलण्यात मिसळतो. शोकेस रिकामे झाल्यावर आजीचे कपबशांचे सेट परत जागेवर आले आणि तिचा राग निवळला.

डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून ८ फुटांवर, टीव्हीच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर ठेवले. ऐकणाऱ्यापासून मधल्या रेषेशी त्यांचा कोन २२ ते ३० अंशांच्या दरम्यान असावा असा सर्वसाधारण नियम आहे. कोनमापक इतका मोठा कुठून आणणार? दहावीची त्रिकोणमिती उपयोगी पडली. अर्धे अंतर ४ फूट, समोरचे अंतर साडेआठ फूट, म्हणजे टॅन थीटा ०.४७ आणि कोन २५ अंश. 'हे आयुष्यात कुठे लागणार' असे वर्गात विचारणाऱ्या माझ्या बाकावरच्या मित्रासाठी हे वाक्य.

पण आबांसाठी खरा महत्त्वाचा स्पीकर मधला. पाच स्पीकरच्या सिनेमात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो टीव्हीच्या खालीच राहणार होता, आणि तिथून त्याचे तोंड आबांच्या गुडघ्यांकडे होते. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, बाजूला फारसा पसरत नाही. त्यामुळे गुडघ्यांना 'साप' ऐकू येत होता आणि कानांना 'ताप'. मी स्पीकरच्या पुढच्या कडेखाली लाकडाचा टेकू घालून तोंड वर, कानांकडे वळवले आणि स्पीकर टेबलाच्या पुढच्या काठापर्यंत ओढला, म्हणजे टेबलाच्या पृष्ठावरून आवाज परावर्तित होणार नाही. पुष्कळ चॅनेल फक्त डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत आवाज देतात, तेव्हा मधला स्पीकर गप्पच बसतो. त्यासाठी रिसीव्हरवर डॉल्बी प्रो लॉजिक हा पर्याय लावला. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज तो काढून मधल्या स्पीकरला देतो, आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज नेमका तसाच असतो.

मागचे दोन स्पीकर खुर्चीच्या बाजूला, थोडे मागे, कानाच्या जरा वर हवेत. समोरची दिशा शून्य धरली तर १०० ते १२० अंशांवर. डावा ११० अंशांवर बसला. उजव्या भिंतीवर त्याच जागी देव्हारा आहे. "देवाच्या डोक्यावर तुझा डबा नको," आजी म्हणाली. उजवा १२० वर गेला. नियमात बसतो.

आता अंतरे सारखी नाहीत याचे काय? परेडमध्ये शेवटच्या प्लॅटूनमध्ये चाललेल्या प्रत्येक कॅडेटला याचे उत्तर माहीत आहे. मिनिटाला १२० पावले म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. बँडपासून ८५ मीटर मागे असलेल्याला ढोलाचा ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. तो प्रामाणिकपणे ठोक्यावर पाऊल टाकतो आणि उस्तादांना त्याचे पाऊल चुकलेले दिसते. हॉलमध्ये अंतरे लहान, पण कान फार बारीक हिशेब ठेवतो. जो आवाज आधी येईल त्या दिशेला तो ध्वनीचे ठिकाण ठरवतो. आमचे पुढचे स्पीकर आबांपासून ९.४ फुटांवर आणि मागचे ६.४ फुटांवर. तीन फुटांचा फरक म्हणजे सुमारे अडीच मिलिसेकंद. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर टाकले की तो जवळच्यांना तेवढे थांबवून ठेवतो. मी शिवणाच्या टेपने मोजून आकडे भरले.

वूफरसाठी जी युक्ती आहे ती आपल्यासाठीच बनवल्यासारखी आहे. वूफर आबांच्या खुर्चीत बसवायचा, जाड सुरांचे गाणे लावायचे आणि आपण भिंतींच्या कडेने रांगत फिरायचे. जिथे आवाज घुमत नाही आणि दबतही नाही, तिथे वूफर ठेवायचा. ध्वनी 'अ' पासून 'ब' कडे जसा जातो तसाच 'ब' पासून 'अ' कडे जातो, म्हणून जागांची अदलाबदल चालते. शाळेत अडथळ्यांच्या शर्यतीत क्रॉलिंग केलेले असल्यामुळे मला काही वाटले नाही, पण खुर्चीत वूफर आणि जमिनीवर नातू हे पाहायला शेजारच्या काकू आल्या होत्या. सर्वांत उत्तम जागा स्वयंपाकघराच्या दारातच निघाली. ती अर्थातच मिळाली नाही. दुसऱ्या क्रमांकाची जागा समोरच्या भिंतीला, डाव्या कोपऱ्यापासून ४ फुटांवर होती, तिथे तो ठेवला आणि त्याचा आवाजही कमी केला.

राहिल्या भिंती. फरशी, गिलावा, काच यांच्यावरून आवाज आपटत राहतो आणि एक शब्द विरायच्या आत दुसरा येतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात हाच त्रास होता. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री शांतता झाली की शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या तिथे वाहून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज विरायचा वेळ मोजायचा असे प्रयोग केले. त्यातून सूत्र निघाले: वेळ बरोबर ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. आमचे घनफळ ५१ घनमीटर. शोषणाचा माझा अंदाज आधी ६ होता, म्हणजे जवळजवळ १.४ सेकंद. टीव्ही आणि खुर्चीच्या मधल्या फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, आणि मागच्या भिंतीवर आजीने स्वतः शिवलेली गोधडी टांगली. शोषण ११ धरले तर वेळ पाऊण सेकंदावर येतो. गोधडी कशासाठी टांगली हे आजी पाहुण्यांना सांगत नाही. शोभेसाठी, असेच म्हणते.

सगळे झाल्यावर तेच वीस शब्द, पण क्रम बदलून लावले. आबांचे पंधरा बरोबर आले. 'थाप' आणि 'चाप' अजूनही अडतात. त्या रात्री ते ओट्यावरून आत आले, तासभर बातम्या पाहिल्या आणि मधेच उठून गेले नाहीत. काही बोलले मात्र नाहीत. ट्रान्झिस्टर ओट्यावरच राहिला होता, तो आईने आणला.

जुलैमध्ये रविवारी फोन करायची पाळी आली तेव्हा आबांनी आईच्या हातून फोन घेतला. एरवी ते 'अभ्यास कर' एवढेच म्हणतात.

"अरे, फरशी पुसताना मधल्या डब्याखालचा टेकू निघाला. परत घातलाय, पर शब्द कालच्यासारखं येईनात. किती उचलायचा?"

मी म्हणालो, "आबा, खुर्चीत बसा आणि दोरी धरून बघा. डब्याच्या तोंडापासून दोरी सरळ तुमच्या कानाला आली पाहिजे."

"थांब," म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून दोरी शोधायला गेले.