नाव आणि वस्तू : युनिक्समधील फायलींची व्यवस्था

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी माझे एक टिपण नाहीसे होता होता वाचले. ते का गेले आणि कसे वाचले, हे शोधताना जे समजले तेच येथे मांडतो.

युनिक्स ही संगणकप्रणाली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडविली. तिच्या धर्तीवर फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतली. आपल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

या प्रणालीतील सर्व फायली एकाच झाडावर असतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थाप्रमाणे या झाडाचे मूळ वर आणि फांद्या खाली. मुळाला 'रूट'च म्हणतात. त्याची खूण एक तिरकी रेघ. फांद्या म्हणजे डिरेक्टऱ्या. 'होम'मध्ये वापरणाऱ्यांची घरे, 'ईटीसी'मध्ये व्यवस्थेचे नियम, 'टीएमपी'मध्ये तात्पुरता पसारा. पेनड्राइव्ह जोडला तरी त्याचे वेगळे झाड होत नाही. तोही याच झाडाच्या एका फांदीला जोडला जातो.

आपण पत्ता लिहितो तो घरापासून : घर, लोहारा, जिल्हा यवतमाळ, महाराष्ट्र. युनिक्स तो उलट, मुळापासून लिहिते : /महाराष्ट्र/यवतमाळ/लोहारा/घर. नावे अशी देवनागरीतही देता येतात.

आता मुख्य मुद्दा. डिरेक्टरी ही पेटी आहे, असा माझा समज होता. खरे तर ती नोंदवही आहे. तिच्यात फक्त दोन रकाने : नाव आणि क्रमांक. त्या क्रमांकाच्या नोंदीला 'आयनोड' म्हणतात. फाईल कोणाची, केवढी, केव्हा बदलली, कोणाला कसली परवानगी, मजकूर डिस्कवर कोठे आहे, हे सारे आयनोडमध्ये असते. नसते ते फक्त नाव!

आमच्याकडे एकाच वावराला कोणी 'विहिरीचे वावर' म्हणतो, कोणी 'नाल्यावरचे'. सातबारा मात्र गट क्रमांकाने निघतो. नावे दोन, जमीन एक. युनिक्समध्येही 'एलएन' या आज्ञेने एका फाईलला दुसरे नाव देता येते. अशी नावे किती, याची मोजणी आयनोडमध्येच असते.

माझे टिपण म्हणजे आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. आजी आता नाही. मूळ कागद मी टंकनानंतर फेकून दिले होते. आम्ही मित्र एक सामाईक डिरेक्टरी वापरत असू. तेथे फाईल ठेवताना मी तिच्यावर लिहिण्याची परवानगी सर्वांसाठी बंद केली आणि निर्धास्त झालो. एके दिवशी कोणीतरी साफसफाई केली आणि फाईल गेली. लिहिताच येत नव्हते, मग पुसता कसे आले?

उत्तर सोपे होते. फाईल पुसणे म्हणजे फाईलवर लिहिणे नव्हे. डिरेक्टरीतील नोंदीवर काट मारणे होय. ती नोंदवही आम्हा सर्वांना खुली होती. चूक माझीच.

सुदैवाने जागा वाचावी म्हणून मी प्रत न करता 'एलएन'ने दुसरे नाव दिले होते. पहिले माझ्या घरच्या डिरेक्टरीत शाबूत होते. नावांची मोजणी दोनावरून एकावर आली, एवढेच. ती शून्य होईपर्यंत, आणि कोणी फाईल उघडून बसलेले असेल तर ती बंद होईपर्यंत, संगणक मजकुराची जागा मोकळी करीत नाही. ओव्या वाचल्या.

मात्र दोन नावे म्हणजे दोन प्रती नव्हेत. कोणी मजकूरच बदलला असता तर तो दोन्ही नावांखाली बदलला असता. म्हणून आता मी वेगळ्या पेनड्राइव्हवर खरी प्रत ठेवतो. सामाईक डिरेक्टरीलाही 'टीएमपी'सारखी खूण लावली आहे : लिहावे सर्वांनी, पण पुसावी ज्याने त्याने आपापलीच फाईल.

परवानगी देताना कागदाकडे पाहावे, तसेच नोंदवही कोणाच्या हाती आहे हेही पाहावे. ओव्यांनी मला एवढे शिकविले.