‘मूळव्याध आहे’ म्हणालो, तिथेच चुकलो

बँकेतला कॅशियर खुर्चीत सारखी चुळबुळ करायला लागला, की रांगेतल्या लोकांच्याही लक्षात येतं. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी तिसऱ्या दिवशी विचारलंच, “कंबर धरलीय का?” मी हो म्हणालो. घरी आईला सांगितलं, उष्णता झालीय. ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर म्हणालो, मूळव्याध असावी. तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि तिन्ही खोटी.

खरं असं, की मला सात वर्षांपासून क्रोन्सचा आजार आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 साली लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचा आजार म्हणून त्याचं वर्णन केलं. पुढे कळलं, की तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उठू शकतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी बराचसा असाच दिसतो. त्यामुळे मीही आधी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, गुण आला नाही, मग पुन्हा दुर्बिणीतून तपासणी झाली आणि नाव कळलं. अझाथायोप्रिन सुरू झालं, पोट शांत झालं, वजन भरलं. आणि बरं वाटतंय म्हणून दोन वर्षांनी मी गोळ्या परस्पर सोडून दिल्या.

काही महिन्यांत दिवसाला पाच-सहा वेळा शौचाला जावं लागू लागलं. मग एके सकाळी गुदद्वाराशी जीवघेणी कळ आली. आयुर्वेदात या दुखण्याला परिकर्तिका म्हणतात, म्हणजे कात्रीने कापल्यासारखी वेदना. ज्याने हे नाव ठेवलं, त्याने असा रुग्ण जवळून पाहिला असणार. शौचाच्या वेळी कापतंच, पण खरी शिक्षा नंतर असते. आतला स्नायू आवळून बसतो आणि तास-दीड तास ठणकत राहतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी बादलीत नळ सोडून ठेवायचो. जायला लागू नये म्हणून रात्रीचं जेवण अर्ध्या भाकरीवर आणलं. दुखणं थांबवायला मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या. कुणी त्रिफळा सुचवला, तोही घेतला. आधीच जुलाब, त्यात रेचक!

शेवटी मूळव्याध-भगंदराची पाटी पाहून एका दवाखान्यात गेलो. फॉर्मवर ‘इतर आजार’ असा रकाना होता. मी तिथे आडवी रेघ मारली. फिशर आहे, म्हणजे गुदद्वाराशी चीर, छोटं ऑपरेशन, संध्याकाळी घरी, असं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञांनी विचारलं, “रोजच्या काही गोळ्या?” मी म्हणालो, “काही नाही.” तेवढ्यात बायको बोलली, “होत्या. यांनीच बंद केल्या. आतड्याच्या आजाराच्या, क्रोन्सच्या.” भूलतज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटांत ऑपरेशन रद्द झालं. तेव्हा मला बायकोचा रागच आला होता.

तिने काय वाचवलं, ते पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी समजावलं. साध्या फिशरमध्ये आवळलेल्या स्नायूला छोटा छेद देतात, म्हणजे तो सैलावतो आणि जखम भरते. क्रोन्स भडकलेला असताना तोच छेद भरून न येण्याची भीती असते, आणि शौचावरचा ताबाही जाऊ शकतो. साधी चीर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, मधोमध असते. माझी कडेला होती. अशी कडेची, किंवा एकाहून जास्त चिरा असल्या, तर क्रोन्सची शंका घ्यायची. शिवाय क्रोन्सची चीर पुष्कळदा फारशी दुखत नाही. ती फार दुखत असेल, तर आत पू साठलाय का ते पाहायला हवं. माझा एमआरआय झाला. सुदैवाने पू नव्हता. आतड्याला मात्र चांगलीच सूज होती. ती आटोक्यात आणल्याशिवाय खालचं भरणार नव्हतं. टीबीच्या तपासण्या करून बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू झाली.

मधल्या आठवड्यांत जे उपयोगी पडलं ते सांगतो. बाजारातून एक पसरट टब आणला. दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर तर नक्कीच, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर घालून पाहायचं. त्यात डेटॉल नको, तुरटी नको, नुसतं पाणी. नंतर मऊ सुती फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही. जेट स्प्रेची धार जखमेवर सोडायची नाही, तांब्या बरा. डॉक्टरांनी दिलेलं डिल्टियाझेमचं मलम वाटाण्याएवढं घेऊन कडेला हलक्या हाताने लावायचं. दुखणं चार दिवसांत कमी होतं, पण मलम सहा-आठ आठवडे चालवावं लागतं.

खाण्याचं मात्र शेजाऱ्याचं ऐकू नका. फिशर म्हटलं की जो तो इसबगोल सांगतो. बद्धकोष्ठाच्या फिशरला ते ठीक आहे. पण क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल, तर भुसा, साली, बिया तिथे अडकू शकतात. मी महिनाभर मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी आणि ताक यांवर काढला. मला ते मानवलं, तुम्हाला काय मानवतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी क्रोन्स भडकू शकतो. बिडी-सिगारेट असेल तर ती आधी सोडा.

काही खुणा दिसल्या तर टबात बसून वाट पाहू नका. ताप, थंडी वाजणं, दिवसभर एकसारखं ठणकणं, बाजूला गाठ किंवा सूज, पू येणं, लघवी अडणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माझी जखम भरायला तीन महिने लागले. औषधांनी काम केलं, पण त्याआधीचे दोन महिने मी लाजेपायी घालवले होते. डोकेदुखी आपण चारचौघांत सांगतो, हे दुखणं बायकोलाही धड सांगत नाही. चारचौघांत नका सांगू. पण तपासणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. क्रोन्सची फाईल सोबत ठेवा, बंद केलेल्या गोळ्यांची नावंही सांगा. आणि फॉर्मवरचा ‘इतर आजार’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नका.