गोल आणि जग (गीता ११.७, ११.१३, ११.४१-४२)



आजचं वाचन अकराव्या अध्यायातलं. श्लोक ७ आणि १३, मग एक मोठी उडी मारून ४१ आणि ४२. मधले श्लोक सोडत नाहीये, उद्यापासून तिथे परत येऊ. आज मला एकाच शब्दाच्या मागे जायचंय: जगत्.

सातव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की सगळं चराचर जगत् इथे माझ्या देहात एकत्र बघ. तिथे 'एकस्थ' असा शब्द आहे, म्हणजे एका जागी असलेलं. तेराव्या श्लोकात अर्जुनाला ते तसंच दिसतं, आणि तिथेही हाच शब्द येतो. कॉलेजात असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात चित्र आलं ते फोनमधल्या नकाशाचं. दोन बोटांनी चिमटीत धरत न्यायचं, आधी गल्ली लहान होते, मग शहर, मग देश, आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक निळा गोळा उरतो. मला वाटलं, विश्वरूप म्हणजे कृष्णाने केलेलं झूम आउट. बरीच वर्षं मी तेवढ्यावरच खूश होतो.

ते चुकीचं होतं. कुठे चुकलं ते मला ग्लोब आणि वर्ल्ड या दोन शब्दांमधल्या फरकामुळे कळलं. आपल्या भाषेत गोल आणि जग.

मराठीत हा फरक सहज हातातून निसटतो, कारण दोन्हींसाठी आपण 'जागतिक' वापरतो. वर्ल्ड बँक ती जागतिक बँक आणि ग्लोबल वॉर्मिंग ती जागतिक तापमानवाढ. एका प्रोजेक्टमध्ये आम्ही अॅप मराठीत आणत होतो, तेव्हा 'ग्लोबल सेटिंग्ज'चं 'जागतिक सेटिंग्ज' झालं होतं. टेस्टिंगवाल्या मुलीने विचारलं, हे बटण दाबलं तर अमेरिकेतपण बदलेल का? हसलो सगळे, पण तिचं बरोबर होतं.

शब्द मुळातून बघा. ग्लोब हा लॅटिनमधल्या 'ग्लोबस'वरून आलाय, अर्थ गोळा, चेंडू. तो आकार सांगतो, बास. वर्ल्ड हा जुन्या जर्मॅनिक भाषांमधला जोडशब्द आहे: माणूस आणि वय किंवा युग. म्हणजे माणसांचा काळ, माणसांचं असणं. त्यात आकार कुठेच नाही! आपलं जगत् 'गम्' धातूवरून येतं, जे चाललेलं आहे ते. 'लोक' तर त्याहून गंमतशीर. संस्कृतात लोक म्हणजे जग, बघण्याच्या धातूशी जोडलेला शब्द, आणि मराठीत येईपर्यंत लोक म्हणजे सरळ माणसंच झाली. "जग काय म्हणेल" आणि "लोक काय म्हणतील" यात आपण फरक करत नाही. "पृथ्वी काय म्हणेल" असं मात्र कोणी म्हणत नाही.

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण. कर्निहान आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेवरच्या पुस्तकामुळे नवीन भाषा शिकताना पहिला प्रोग्रॅम 'हॅलो वर्ल्ड' लिहायची पद्धत सगळीकडे पसरली. 'हॅलो ग्लोब' कोणी लिहीत नाही. नमस्कार त्यालाच करतो जिथून उत्तर येऊ शकतं.

आता कोणी म्हणेल, गोल ही पाश्चात्त्य कल्पना आणि जग आपलं. अजिबात नाही. आर्यभटाने वयाच्या २३ व्या वर्षी, इ.स. ४९९ मध्ये, 'आर्यभटीय' रचलं. त्याच्या शेवटच्या भागाचं नावच गोलपाद आहे आणि त्यात 'भूगोल' हा शब्द पृथ्वीच्या गोळ्यासाठीच आलाय. (तोच शब्द पुढे शाळेतला विषय झाला आणि आपण नद्यांची नावं पाठ करत बसलो.) चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखामुळे खानदेशाशी ज्यांचं नातं सांगितलं जातं त्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त गोलाध्याय आहे. पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते, यावर त्यांचं उत्तर असं की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा. इतकं साधं उत्तर माझ्या शाळेत मला कोणी दिलं नव्हतं.

पण आर्यभटाचा दृष्टान्त बघा. तो म्हणतो, कदंबाच्या गोंड्यावर जशी सगळीकडून फुलं असतात तसे या भूगोलावर सगळीकडून जीव आहेत. गणित करणाऱ्या माणसाला गोळा पुरला असता. त्याने त्यावर जीव ठेवले, आणि तेही कदंबाच्या फुलांसारखे. आपल्याला कदंब म्हटलं की कृष्णच आठवणार, तो भाग वेगळा.

आजी सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला हात लावून, पाय लावतेय म्हणून क्षमा मागायची. तेव्हा तिच्यासाठीही ती पृथ्वी होती, गोल नव्हता. म्हणजे वस्तू तीच आहे. बाहेर उभं राहून बघितली की गोल, आणि तिच्यावर आपला कोणाशी तरी संबंध आहे हे आठवलं की जग. निदान मी तरी असं समजतो.

हे सगळं आत्ताच का सुचलं, तेही सांगतो.

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. बाबा गेल्यावर गावच्या घराचं काय करायचं यावरून आमचं वाजलं. "तू तिकडे बसून सल्ले देऊ नकोस," असं मी म्हणालो होतो. त्याला दोन वर्षं होतील. पण फोनवर कधीतरी चालू केलेलं लोकेशन शेअरिंग ना त्याने बंद केलं, ना मी. त्यामुळे नकाशा उघडला की तो गोळा फिरतो आणि खाली उजवीकडे एक ठिपका दिसतो. तो माझा भाऊ. कुठल्या रस्त्यावर आहे ते मला काही मीटरच्या फरकाने माहीत असतं. नोकरी बदलली का, पाठदुखी गेली का, माहीत नाही.

परवा आई म्हणाली, "तिकडे आता थंडी असेल ना रे?" मी फोनमध्ये बघून सांगितलं, आठ डिग्री. ती म्हणाली, "आठ का किती ते ठेव तुझ्याकडे. तो पांघरूण लाथाडतो झोपेत."

मला ते माहीत होतं. बारावीपर्यंत आम्ही एका गादीवर झोपायचो.

त्या रात्री अकरावा अध्याय पुन्हा उघडला. अर्जुनाला सगळं एका जागी दिसतं, आणि त्याचं काय होतं? त्याला दिशा कळेनाशा होतात, श्लोक २५ मध्ये तो स्वतःच म्हणतो. सगळं दिसतंय आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही! बरं, त्या अफाट रूपात त्याची नजर जाते कुठे? श्लोक २६ मध्ये धृतराष्ट्राची मुलं, भीष्म, द्रोण, कर्ण. ओळखीची माणसं. माझं झूम आउटचं चित्र इथे पार कोसळलं, कारण झूम आउटमध्ये चेहरे नाहीसे होतात. इथे एकही नाहीसा होत नाही. म्हणूनच तिथे शब्द जगत् आहे. भगवंताने त्याला गोळा दाखवलेला नाही.

आणि मग ४१-४२. एवढं बघून झाल्यावर अर्जुन काय बोलतो? तो ग्रहताऱ्यांबद्दल बोलत नाही. तो माफी मागतो. तुला अरे कृष्णा, अरे यादवा, मित्रा म्हणालो. खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टेत तुझा मान ठेवला नाही, एकट्यात आणि चारचौघांतही. सगळं चराचर समोर असताना त्याला गादी, बसायची जागा आणि जेवणाचं ताट आठवतं. हे श्लोक मी इतकी वर्षं भक्ताची नम्रता म्हणून वाचले आणि पुढे गेलो. 'तिकडे बसून' हे माझेच दोन शब्द त्यांच्या शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

काल रात्री नऊला त्याला मेसेज केला. माफीबिफी मला जमली नाही. "पांघरूण घेतोस का रे नीट?" एवढंच लिहिलं. पाठवल्यावर लक्षात आलं की तिथे रात्रीचा दीड वाजला होता. दिवसभर त्याचा ठिपका बघणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

सकाळी उठून बघितलं तर दोन निळ्या टिका होत्या. उत्तर अजून आलेलं नाही.

उद्या श्लोक १४ पासून. वाचून या.