गाण्यामागचे नाव

भजनात तुकारामबुवांचा अभंग म्हटला, की शेवटी त्यांचे नाव येते. नामदेवांचे तसेच, जनाबाईचेही तसेच. तुकडोजी महाराजांच्या भजनातले 'तुकड्या' हे नाव ऐकले नाही, असा माणूस आपल्या भागात मिळायचा नाही. नाव कानावर पडले की आपण लगेच ओळखतो, हे भजन अमक्याचे.

नावाची ही खूण शास्त्रीय गाण्यातही असते. शास्त्रीय गाणे तुम्ही रेडिओवर ऐकले असेल. मागे तंबोरा वाजत असतो, तबला असतो, पेटी असते आणि गवई बराच वेळ आलाप घेत असतो. पुष्कळांना वाटते, हा नुसता 'आ आ' करतो. तसे नाही बरं का! त्या आलापाच्या आत एक लहानसे गाणे असते. फार तर चार-सहा ओळींचे. त्याला चीज म्हणतात, बंदिश असेही म्हणतात. पहिल्या भागाला अस्थाई आणि दुसऱ्याला अंतरा हे नाव. बोल बहुधा ब्रज भाषेत, म्हणजे मथुरेकडच्या बोलीत. गवई तेवढ्या ओळींवर अर्धा तास गातो. ही चीज रचणारा कोणी वेगळाच असतो. कधी तो शंभर वर्षांपूर्वीचा असतो, कधी तीनशे वर्षांपूर्वीचा. आपले टोपणनाव तो बहुधा अंतऱ्यात घालून ठेवतो.

दिल्लीला महंमदशहा नावाचा बादशहा होता. त्याची कारकीर्द १७१९ ते १७४८. त्याच्या दरबारी नियामत खाँ नावाचे बीनकार होते. त्यांनी 'सदारंग' या नावाने कितीतरी चीजा रचल्या. आज देशभरचे गवई त्या गातात. पण बाहेर येणारे लोक काय म्हणतात? "आज अमक्या बुवांनी काय गाणे म्हटले!" रचणाऱ्याचे नाव अंतऱ्यात असूनही कोणाच्या ध्यानात राहत नाही. रेडिओवर गाणाऱ्याचे नाव सांगतात, तबलजीचे सांगतात, राग सांगतात, ताल सांगतात. रचणाऱ्याचे नाव क्वचितच सांगतात. सदारंगांची ही गत, तर लहान-सहान रचनाकारांची काय असेल?

त्यातून ही विद्या सारी तोंडी. गुरूने म्हणायचे, शिष्याने ऐकून पाठ करायचे. कागदावर काही नाही. शिवाय घराण्यातली चांगली चीज बाहेरच्याला द्यायची नाही, अशी रीत. शेतकरी बियाणे जपतो ना, तशी. पण बियाणे जपून जपून पेरलेच नाही तर? खाँसाहेब गेले, की त्यांच्याबरोबर पन्नास चीजा जायच्या.

मुंबईत विष्णु नारायण भातखंडे नावाचे एक वकील होते. जन्म १८६०, मृत्यू १९३६. त्यांनी वकिली सोडली आणि गाणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. गावोगाव हिंडले. दक्षिणेत गेले, नागपूरला आले, कलकत्त्याला गेले, उत्तरेतली संस्थाने पाहिली. जिथे जुना गवई असेल तिथे जाऊन बसायचे. कोणी आदराने सांगे, कोणी हाकलूनही देई.

जयपूरकडे मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ होते. त्यांच्या दोन मुलांनी भातखंड्यांना सुमारे ३०० चीजा दिल्या. त्या वेळी फोनोग्राफ नावाचे यंत्र होते. मेणाच्या नळीवर आवाज उमटायचा. त्यावर या चीजा उतरवून घेतल्या. बापाला हे कळले तेव्हा तो संतापला. घरचे धन मुलांनी परक्याला वाटले म्हटल्यावर राग यायचाच. पुढे राग निवळला आणि खाँसाहेबांनी परवानगी दिली. मला विचाराल तर या गोष्टीत मोठेपण त्या म्हाताऱ्याचे अधिक आहे. घेणाऱ्याला हाव असतेच, देणाऱ्याला मात्र मन मोठे करावे लागते.

गोळा केलेल्या चीजा भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तकमालिका' या सहा पुस्तकांत छापल्या. पुस्तके मराठीत लिहिली. स्वतःही रचना केल्या, त्यात 'चतुर' हे नाव घातले.

आता तुम्ही म्हणाल, शब्द लिहिता येतात, पण चाल कशी लिहायची? ऐका. स्वर सात. सा, रे, ग, म, प, ध, नी. गाण्याचे शब्द खालच्या ओळीत लिहायचे. प्रत्येक अक्षर ज्या स्वरावर म्हणायचे, तो स्वर त्याच्या डोक्यावर लिहायचा. स्वर कोमल असेल तर त्याच्याखाली आडवी रेघ. तीव्र मध्यम असेल तर 'म'वर उभी रेघ. खालच्या पट्टीतला स्वर असेल तर खाली टिंब, वरच्या पट्टीतला असेल तर वर टिंब. स्वर लांबवायचा असेल तर पुढे लहान आडवी रेघ. तालाच्या खुणा वेगळ्या. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, तिथे फुलीसारखी खूण करतात. नवव्या मात्रेला खाली म्हणतात, तिथे शून्य. पाचवीवर २ आणि तेरावीवर ३ हे आकडे. झाले! ज्याला अक्षरे आणि आकडे येतात त्याला या खुणा शिकता येतात. गळा मात्र गुरूपाशीच तयार होतो, ते कागदाचे काम नव्हे.

भातखंड्यांचे एक शिष्य होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. जन्म मुंबईचा, १८९९ सालचा. भातखंड्यांनी त्यांना तयार केले. पुढे बडोद्याला फैयाज खाँ या मोठ्या गवयापाशी ते शिकले. फैयाज खाँ स्वतः 'प्रेमपिया' या नावाने चीजा रचत. लखनौला १९२६ साली भातखंड्यांनी संगीताचे कॉलेज काढले, तिथे रातंजनकर अनेक वर्षे प्राचार्य होते. हिंदुस्थानभरचे मोठमोठे गवई त्यांच्या हाताखाली शिकले. कृष्णराव गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी ही त्यांतली काही नावे.

रातंजनकरांचे टोपणनाव 'सुजन'. या नावाने त्यांनी शेकडो चीजा रचल्या. ज्या रागात जुन्या चीजा थोड्या, त्यासाठी मुद्दाम नव्या बांधल्या. 'अभिनव गीतमंजरी' या नावाने त्यांच्या रचनांची तीन पुस्तके निघाली. १९५७ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली ते वारले.

हे लखनौचे, मुंबईचे बुवा. आपला त्यांचा काय संबंध? संबंध असा. गोंदियाहून पूर्वेकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा करीत डोंगरगडला पोचते. बमलेश्वरीच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल. त्या डोंगरगडपासून जवळच खैरागड आहे. तिथल्या राजा-राणीची मुलगी इंदिरा लहान वयात वारली. तिला गाण्याची आवड. तिच्या आठवणीसाठी त्यांनी आपला वाडा संगीताच्या विद्यापीठाला देऊन टाकला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत रातंजनकर तिथे कुलगुरू होते. त्या दिवशी खैरागड आणि आपला तेव्हाचा भंडारा जिल्हा एकाच मध्य प्रदेशात होते! अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आपण मुंबई राज्यात गेलो. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली गोंदिया जिल्हा झाला, आणि २००० साली खैरागड छत्तीसगडात गेले. विद्यापीठ अजून त्याच वाड्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणाच्या मुलीला गाणे शिकायचे असेल, तर मुंबई-पुणेच गाठले पाहिजे असे नाही.

मग सुजनांच्या चीजा सगळीकडे ऐकू का येत नाहीत? कारण साधे आहे. गवई लोकांना ठाऊक असलेले गातो. लोक तेच पुन्हा मागतात. त्यामुळे दहा चीजा हजारदा गायल्या जातात आणि बाकीच्या पुस्तकात पडून राहतात. काही चीजा त्यांच्या शिष्यांनी गाऊन जिवंत ठेवल्या. उरलेल्या कोणीतरी उघडून गळ्यावर चढवण्याची वाट पाहत आहेत. पण छापल्या आहेत म्हणून वाट तरी पाहू शकतात.

आपल्या बांधीत रोवणीच्या वेळी बाया गाणी म्हणतात. म्हाताऱ्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. दंडारीत जुनी पदे म्हणतात. त्यातली किती तुमच्याकडे लिहिलेली आहेत? आता तुम्हाला लिहिता येते. मोबाइलवर आवाज जरूर उतरवून घ्या, तो आजचा फोनोग्राफच आहे. पण यंत्र नाव विचारत नाही. म्हणून एक वही करा. गाणे जसे म्हणतात तसेच लिहा. झाडीबोली असो, पोवारी असो, गोंडी असो, पुस्तकी करू नका. एखादा शब्द कळला नाही तर तो गाळू नका, कानावर आला तसा लिहा आणि त्याखाली रेघ मारा. कोणी म्हटले, तिने कोणाकडून ऐकले, तिचे माहेर कुठले, कोणत्या प्रसंगाचे गाणे, आणि शेवटी तारीख. रचणारीचे नाव कोणाला आठवत असेल तर ते सर्वांत वर लिहा. आणि वही घराच्या गळक्या कोपऱ्यात ठेवू नका, पावसाळ्यात कागद टिकत नाही.