जुना फोटो कसा वाचावा

एकोणिसाव्या शतकांतील सरकारी अधिकाऱ्यांचा समूह-फोटो हातीं आला कीं आपण प्रथम चेहरे पाहतों. आमचें सांगणें असें कीं, आधीं छातीवरील पदकें पाहावीं.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. तेथें मुलकी अधिकारी पुष्कळदां लष्करांतूनच येत. १८५७ सालीं बुलढाण्यास डेप्युटी कमिशनर म्हणून आलेले मेडोज टेलर हेही पूर्वीं निजामाच्या फौजेंत होते. म्हणून अशा फोटोंत लढाईचीं पदकें दिसलीं तर नवल नाहीं.

१८५७-५८ च्या युद्धाबद्दल इंग्रज सरकारनें दिलेलें पदक रुप्याचें असे. त्याची फीत पांढरी व तिच्यावर दोन तांबडे पट्टे. त्या काळच्या काचेवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे. त्यावरून फीत ओळखतां येते. वरील रुपेरी पट्टीवर 'सेंट्रल इंडिया' हीं अक्षरें असलीं, तर तो मनुष्य झांशी-काल्पीकडील मोहिमेंत होता असें समजावें.

त्या मोहिमेंत सर ह्यू रोज यांच्या हाताखालीं हैदराबाद कंटिंजंटचे शिपाई लढले. या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या वसुलांतून निघे. म्हणजे फोटोंतील पदकामागें आपल्याकडील शेतकऱ्याचा साराही आहे. तो शेतकरी मात्र चौकटींत नाहीं. झांशीच्या बाजूनें लढलेलेही नाहींत.

यास्तव फोटोंत कोण आहे, याबरोबरच कोण नाहीं, हेंही विचारावें. पालकांस विनंति कीं, घरांतील जुन्या फोटोंमागें नांवें व साल आजच लिहून ठेवावें.