शेरीफचं वचन कुठवर टिकतं?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शार्लटला नोकरी करतो. तिथल्या शेरीफनं इमिग्रेशन खात्याला मदत न करण्याचं वचन दिलं होतं म्हणे. ते अजून लागू आहे का?

उत्तर : अर्धंच. 2018 मध्ये गॅरी मॅकफॅडन यांनी इमिग्रेशन खात्याशी असलेला 287(जी) करार मोडण्याच्या वचनावर, नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट ज्यात येतं त्या मेक्लेनबर्ग काउंटीच्या शेरीफपदाची निवडणूक जिंकली आणि पदावर येताच तो मोडलाही. या करारानुसार शेरीफचे कर्मचारी तुरुंगात आणलेल्यांचा इमिग्रेशन दर्जा तपासत. शब्द पाळणारा पुढारी म्हणून मला त्यांचं मोल वाटतं. पण शेरीफच्या हाती मुख्यतः तुरुंग असतो; शहराचे पोलीस वेगळे. शिवाय अटकेनंतर घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत संघीय इमिग्रेशन यंत्रणेकडे जातातच, ते शेरीफ थांबवू शकत नाही. त्यात 2024 च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिना विधिमंडळानं गव्हर्नर रॉय कूपर यांचा नकाराधिकार मोडून कायदा केला : इमिग्रेशन खात्यानं मागणी केली, की न्यायिक अधिकाऱ्याच्या आदेशानं कैद्याला 48 तासांपर्यंत रोखून धरायचं. इथे शेरीफचं वचन तोकडं पडतं. वैध व्हिसावरच्या मुलानं कागदपत्रांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. अटक झालीच, तर फौजदारी वकिलासोबत इमिग्रेशन वकिलालाही लगेच कळवावं.