विजेचा लहान पंप व पाण्याचा हौद

वैशाख उजाडला कीं आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येतो. विहिरीवर पांच अश्वशक्तीचा पंप आहे. तो पाव तासांत विहिरीचा तळ दाखवितो व मग दिवसभर नुसता पडून राहतो. तरी आतां साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यावा किंवा कसें? प्रश्न विचारणारे गृहस्थ कष्टाळू व समंजस असतात, म्हणूनच आमचें उत्तर त्यांस प्रथम विचित्र वाटतें. साडेसातचा पंप मुळींच घेऊं नये. त्या पैशांत एक पक्का हौद बांधावा. आणि जुना पंप बदलण्याची वेळ आलीच तर एक अश्वशक्तीचा बसवावा, असें आम्ही सांगतों. राज्य शासनानें २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत विजेची योजना जाहीर केल्यापासून मोठ्या पंपाचा मोह वाढला आहे, हें आम्ही जाणतों. परंतु बिल माफ झाल्यानें विहिरीचा झरा मोठा होत नाहीं.

मोटेच्या काळीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. धांवेवर बैलांची जोडी मागेंपुढें होई, मोट थारोळ्यांत रिती होई, आणि थारोळ्यांतून पाणी पाटास लागे. दोन प्रहरीं बैल सोडले कीं विहिरीसहि विसांवा मिळे, व तिसऱ्या प्रहरीं पुन्हां जुंपणी होईपर्यंत पाणी वर चढलेलें असे. बैलांची चाल व विहिरीची आवक यांचा मेळ आपोआप बसत असे. पंपाला बैलासारखा थकवा नाहीं. त्यामुळें तो मेळ आतां आपणांस हिशेबानें बसवावा लागतो. मोट गेली तें योग्यच झालें, पण तिच्याबरोबर लोकांनीं थारोळेंहि मोडलें, ही आमच्या मतें चूक झाली. ज्या हौदाविषयीं आम्ही लिहीत आहोंत तो म्हणजे मोठें केलेलें थारोळेंच होय.

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील बहुतेक जमीन लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावर आहे. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या व भेगाळलेला खडक, आणि त्याच्याहि खालीं अखंड कातळ. पाणी काय तें मुरुमांत आणि भेगांत. या थरांच्या आकारमानाच्या मानानें उपसतां येण्याजोगें पाणी शेंकडा एक ते तीन भाग इतकेंच असतें, आणि तेंहि सावकाश झिरपत विहिरींत उतरतें. ही गोष्ट येथल्या जुन्या लोकांस पक्की ठाऊक होती. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें शहर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें. त्या शहरासाठीं त्यानें केलेली नहर आजहि अभ्यासूंनीं पाहावी. डोंगराकडील जमिनींत मंद झिरपणारें पाणी भुयारी नहरींत गोळा करावयाचें, नुसत्या उतारानें शहरांत आणावयाचें, हौदांत सांठवावयाचें, आणि तेथून वांटावयाचें. अठराव्या शतकांतील पाणचक्कीसहि पाणी असेंच दुरून मातीच्या नळांनीं आणलें होतें व उंचावरून पाडून त्याच्यावर जातें फिरविलें होतें. मोठा उपसा कोठेंच नव्हता. लहान पण अखंड धार होती, आणि तिच्यासाठीं सांठवण होती.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून आलें नाहीं, नुकसानींतून आलें. २०१२ सालच्या पावसानें दगा दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. आमची एका एकराची बाग पैठण तालुक्यांत. १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडीचें धरण जवळ, पण जमीन कालव्याच्या वरच्या अंगास. धरण उशाला व कोरड घशाला, असा प्रकार. पांच अश्वशक्तीचा पंप आम्ही दिवसांतून दोन वेळां चालवीत होतों. प्रत्येक वेळीं पाव तासांत फूटभर पाणी संपे. त्यांतलें निम्मे पाटाची मातीच पिऊन टाकी. आणि विजेची पाळी रात्रीं असली म्हणजे एक खेप हटकून चुके, कारण दिवसभर राबलेला माणूस रात्रीं दोन वाजतां दारें धरण्यास उठत नसे. वैशाख सरेपर्यंत निम्मी बाग गेली. विहीर पुरली नाहीं, असें आम्ही तेव्हां म्हणालों. मागाहून मोजमाप केलें तेव्हां कळलें कीं विहीर रोज जें पाणी देत होती तें त्या सगळ्या झाडांस जगविण्याइतकें होतें. आम्हींच तें नीट घेतलें नव्हतें.

म्हणून पहिलें काम विहीर मोजण्याचें. हें काम वैशाखांतच करावें. कार्तिकांत केलेली मोजणी फसवी असते. पहांटे पंप लावून पाणी फुटव्हॉल्वच्या वर हातभर राहील इतकें उतरवावें व पंप बंद करावा. दोरीस दगड बांधून पाण्याची पातळी खूण करून ठेवावी आणि बरोबर एका तासानें ती किती चढली तें पाहावें. आमची विहीर वीस फूट व्यासाची आहे, म्हणजे तिचें क्षेत्र सुमारें ३१४ चौरस फूट. तासाला एक इंच पाणी चढलें तर तें २६ घनफूट, म्हणजे अदमासें ७४० लिटर झालें. पाणी जसजसें वर येतें तसतसा झरा मंदावतो, आणि विहीर आपल्या नेहमींच्या पातळीस पोहोंचली कीं आवक थांबते. भरून उभी राहिलेली विहीर पाहून समाधान वाटतें खरें, परंतु त्या घटकेपासून तिच्यांत नवें पाणी येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. पाणी थोडें थोडें, पण रोज व नियमानें काढीत राहणें हाच तिचा उपयोग करून घेण्याचा मार्ग होय.

आतां गरज पाहूं. सहा मीटर अंतरावर लावलेल्या मोसंबीचीं एकरीं ११२ झाडें बसतात. मोठ्या झाडास कडक उन्हाळ्यांत ठिबकनें दररोज शंभर लिटर पाणी धरलें तर ११,२०० लिटर लागतील. ताशीं ३,००० लिटर देणारा पंप चार तास चालला कीं १२,००० लिटर होतात. त्या चार तासांत झऱ्यानें ३,००० लिटरच्या आसपास आंत येतात. बाकीचे ९,००० विहिरीच्या सांठ्यांतून जातात, म्हणजे पातळी फूटभर उतरते. आणि तासाला एक इंच या मानानें बारा तासांत ती पुन्हां भरून निघते. जमाखर्च मिळाला. तो ज्याचा मिळत नसेल त्यानें पंप वाढवूं नये, झाडें कमी करावीं. तें कठीण आहे, पण सगळीं अर्धवट तहानेलीं ठेवण्यापेक्षां बरें.

हौद या हिशेबानें एका दिवसाच्या पाण्याचा असावा. आंतून दहा फूट लांब, आठ फूट रुंद व सहा फूट खोल असा हौद साडेपांच फुटांपर्यंत भरला म्हणजे त्यांत ४४० घनफूट, सुमारें साडेबारा हजार लिटर पाणी मावतें. त्या पाण्याचें वजनच साडेबारा टन होतें. येथें आमच्या ओळखीच्या पुष्कळांनीं चूक केली आहे. काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला हौद कितीहि चांगल्या सिमेंटचा असला तरी दोन वर्षांत कोपऱ्यांत तडकतो. पाया मुरूम लागेपर्यंत नेलाच पाहिजे. शेताच्या वरच्या अंगास मुरमाड टेकाड असेल तर त्यासारखी जागा नाहीं. तेथें हौद अर्धा जमिनींत बसवावा, म्हणजे भिंतींस मागून आधार मिळतो. साडेपांच फूट पाण्याचा दाब नऊ इंची विटांची साधी भिंत भरंवशानें पेलत नाहीं. दीड फुटी दगडी बांधकाम किंवा लोखंडी सळयांचें काँक्रीट करावें, व तें जाणत्या गवंड्याकडूनच करवावें.

शेतास पाणी देणारा नळ तळापासून सहा इंच वर काढावा, म्हणजे गाळ खालीं राहतो. गाळ धुऊन काढण्यास तळाशीं वेगळें तोंड असावें. सांडव्याचा नळ भरणाऱ्या नळाहून मोठा घ्यावा. वर झांकण हवेंच. तें बाष्पीभवनाकरितां नव्हे, कारण एवढ्याशा हौदांतून दिवसास फार तर सत्तर-ऐशीं लिटर उडून जातील. उजेड लागला कीं शेवाळ धरतें व ठिबकचीं छिद्रें बुजतात म्हणून, आणि मुलें, जनावरें व साप आंत पडूं नयेत म्हणून.

बाष्पीभवनाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकतों. शेततळ्यांत कापड अंथरून तें विहिरीच्या पाण्यानें भरण्याची रीत आपल्याकडे फार वाढली आहे. तीस मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यांतून वैशाखांत रोज एक सेंटिमीटर पाणी उडालें तर नऊ हजार लिटर जातें. वरच्या हिशेबांत जवळजवळ एक एकर मोसंबी जगविणारें तें पाणी होय. पावसाळ्यांत ओढ्याला वाहून जाणारें पाणी तळ्यांत घ्यावें, त्याला आमची हरकत नाहीं. झांकलेल्या जमिनीखालचें पाणी उन्हांत आणून ठेवणें मात्र आम्हांस पटत नाहीं, व शेजाऱ्याच्या विहिरीसहि तें परवडत नाहीं.

पंपाकडे वळूं. उन्हाळ्यांत पाणी विहिरीच्या तोंडापासून चाळीस फूट खालीं, व हौद तोंडापासून वीस फूट वर, असें धरलें तर चढ साठ फूट झाला. नळांतील घर्षणाचे सहा फूट मिळवून ६६ फूट, म्हणजे वीस मीटर. ताशीं ३,००० लिटर पाणी वीस मीटर चढविण्याचें निव्वळ काम १६५ वॅटच्या आंतलें आहे. लहान पंपाची कार्यक्षमता शेंकडा ३५ धरली तरी पाऊणशें वॅट कमी पांचशें पन्नास, म्हणजे सुमारें ४७५ वॅट लागतात. एक अश्वशक्ति ७४६ वॅटची, तेव्हां ती पुरून उरते. परंतु नळ घेतांना काटकसर करूं नये. शंभर मीटर लांबीच्या एक इंची प्लास्टिकच्या नळांत हेंच पाणी नेलें तर घर्षणांतच सुमारें चौदा मीटर उंची खर्ची पडते. दीड इंची नळांत दोन मीटरहि पडत नाहीं. पंप चांगला, पण पाणी हौदापर्यंत पोहोंचत नाहीं, अशी तक्रार आली कीं आम्ही आधीं नळ पाहतों.

काठावर ठेवलेला पंप पाणी ओढूं शकतो तो हवेच्या दाबामुळें. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच आहे. येथें वीस-बावीस फुटांपलीकडे त्या ओढीची आशा करूं नये. चाळीस फुटांवर पाणी जाणाऱ्या विहिरींत पाण्यांत बुडून राहणारा, उघड्या विहिरीचा सबमर्सिबल पंपच बरा. तो पाण्याबाहेर उघडा पडून चालतां कामा नये. म्हणून पातळी उतरतांच पंप थांबविणारें साधन स्टार्टरला जोडावें, आणि हौदांत फ्लोट स्विच ठेवावा. या दोन वस्तूंवर पैसा वांचवून मोटार पुन्हां भरून आणणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

वीज येतांच पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच आम्ही लावीत नाहीं. तो काढून टाकावा असें महावितरण वारंवार सांगत आलें आहे, आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. सुरू होतांना मोटार नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते; एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठल्या म्हणजे डीपी जळते, व मग ऐन उन्हाळ्यांत सगळ्यांच्याच बागा टांगणीस लागतात. हौद असल्यावर त्याची गरजहि उरत नाहीं. पाळी रात्रीची असो वा दिवसाची, मिळालेल्या तासांपैकीं चार तास पंप चालला कीं काम भागलें. निजण्यापूर्वीं बटण दाबावें, हौद भरला कीं फ्लोट स्विच पंप थांबवील, आणि झाडांस पाणी सकाळीं उजेडांत सोडावें. रात्रीं चिखलांत अनवाणी दारें धरतांना साप चावून व स्टार्टरच्या पेटीचा धक्का बसून आपल्या भागांतले शेतकरी दगावतात. हौदाचा हा लाभ आम्ही पाण्याच्या लाभाहून मोठा समजतों.

तरी पेटीविषयीं दक्षता हवीच. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो व नेमकी तेव्हांच अर्थिंग निकामी होते. त्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावें. दुकानांत आरसीसीबी म्हणून जो खटका मिळतो तो तीस मिलिअँपिअरचा बसवावा; वीज गळूं लागतांच तो प्रवाह तोडतो. पाण्याचा नळ किंवा तारेचें कुंपण अर्थिंग म्हणून कधींहि वापरूं नये. व्होल्टेज फार उतरलें असेल तर पंप लावूंच नये, कारण मोटार तेंच काम अधिक प्रवाह ओढून करूं पाहते व तापते.

हौदावरून ठिबक चालवावयाचें असल्यास दाबाचा विचार आधीं करावा. दहा मीटर उंचीस एक किलो दाब मिळतो. वीस फुटांस सहा दशांश किलो. नेहमींच्या ठिबकास एक किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणून दुकानदारास आपली उंची सांगून कमी दाबाचें साहित्य मागावें व नळ्या आंखूड ठेवाव्यात. उंची दहा फुटांहूनहि कमी असेल तर ठिबकाचा नाद सोडून प्रत्येक झाडाच्या आळ्यांत नळीनें पाणी द्यावें.

नवा हौद बांधून झाल्यावर तीन आठवडे त्यावर पाणी मारावें. मग तो एकदम न भरतां पहिल्या दिवशीं दोन फूट, तिसऱ्या दिवशीं चार फूट, व पांचव्या दिवशीं पुरा भरावा. रात्रीं पातळीवर कोळशानें रेघ ओढून सकाळीं पाहावी. बोटभर उतरली असेल तर हौद रिकामा करून कोपरे पुन्हां गिलावून घ्यावे. मृगापूर्वीं हें काम आटोपलेलें असावें.